मिस चौगुल्यांची फाइल

माझ्या नवऱ्याचं उतारवयात एका पंचविशीतल्या मुलीवर प्रेम बसलं. याचा राग करावा की कौतुक, हे मला बरेच दिवस ठरवता येईना, कारण ती मुलगी मीच होते.

मला ते कळलं सकाळी उप्पीट खाताना. यांनी चमचा खाली ठेवला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज बारीक केला.

"अगं, एक सांगू? रागावणार नसशील तर."

"सांगा की."

"आमच्या हळद संशोधन केंद्रावर एक मिस चौगुले होत्या. कॉम्प्युटरच्या खोलीत."

उप्पिटाचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. चौगुले हे माझं माहेरचं आडनाव. केंद्रावर हे सांख्यिकी विभागात होते आणि मी संगणक सहायक.

"कशा होत्या?" मी विचारलं.

"वेणीत पेन्सिल खोचायच्या आणि मग खोलीभर पेन्सिल शोधायच्या. मला दिसायची, पण मी सांगायचो नाही. शोधताना फार छान दिसायच्या."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मी छान दिसते असं एकदाही म्हटलेलं नव्हतं. नवी साडी नेसून पुढ्यात उभी राहिले तर 'बस चुकेल' म्हणायचे. आणि आता, पंचाहत्तरीला टेकल्यावर, डोळे मिटून सांगत होते.

"त्या आकडे वाचायच्या, मी टाइप करायचो. एखादं रोप मेलेलं असलं की तिथं आकडाच नाही. मग त्या बोलायच्या नाहीत. हातातलं चांदीचं कडं टेबलावर वाजवायच्या. टक्. मी टिंब द्यायचो."

आमच्या पॅकेजात, म्हणजे आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिकाम्या जागेला टिंब द्यायचा रिवाज होता. शून्य देऊन चालत नसे, कारण शून्य म्हणजे मोजलं आणि काही भरलं नाही. टिंब म्हणजे मोजताच आलं नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. त्यांचं फार नुकसान केलं मी. अख्खा तिसरा हंगाम घालवला त्यांचा. माफी मागायची राहूनच गेली बघ." यांचे डोळे भरून आले. मी पाण्याचा पेला पुढं केला, तर माझ्याकडे न बघताच घेतला.

यांना विसरण्याचा आजार जडला तेव्हा आधी चष्मा हरवायला लागला, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण जेवलो की नाही ते. आमचा मुलगा भरतेश धारवाडला असतो. त्यानं धावपळ करून मिरजेच्या डॉ. शाहीन मुजावर यांच्याकडे यांना 'सांगाती' बसवून घेतला.

सांगाती म्हणजे काय ते मी माझ्या पद्धतीनं सांगते. आठवण मेंदूत एका जागी नसते. आंब्याचा वास एकीकडे, तो आंबा देणाऱ्याचा चेहरा दुसरीकडे, त्या दिवशी गुडघा दुखत होता ते तिसरीकडे. मेंदूत खोलवर करंगळीएवढा एक भाग आहे, तो या सगळ्यांचे पत्ते सांभाळतो. आजार आधी त्यालाच गिळतो. माल घरातच असतो, फक्त सापडत नाही. सांगातीच्या केसाहून बारीक तारा त्या भागात बसवतात. कुठल्या क्षणी कुठल्या पेशी एकदम पेटल्या हे त्या टिपून ठेवतात, आणि पुढे गरज पडली की नेमक्या त्याच पेशी परत पेटवतात. माणसाला वाटतं, आपल्यालाच आठवलं.

डॉक्टरांनी हे टिपण पडद्यावर दाखवलं तेव्हा मला हसूच आलं. ती आमची हळदीचीच फाइल होती! ओळी आणि रकाने. आमच्याकडे प्रत्येक रोपाला एक ओळ, आणि रकान्यांत उंची, पानं, कंदाचं वजन. यांच्या डोक्यात प्रत्येक क्षणाला एक ओळ, आणि रकान्यांत कोण, कुठं, कधी, आवाज, वास, जीव कसा झाला. सगळे नुसते आकडे. कुठला आकडा म्हणजे काय, ते सांगणारी फाइल निराळी. आमच्याकडे हळदीच्या जातींत एक म्हणजे सेलम, दोन म्हणजे कृष्णा, तीन म्हणजे राजापुरी. ती नावांची फाइल हरवली तर आकडे जागच्या जागी राहतात आणि कशाचे कुणाला सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट तशीच होती. आमच्या पॅकेजात दोन कप्पे असायचे. एक कामापुरता, एक कायमचा. कामापुरत्या कप्प्यातलं सगळं, पॅकेज बंद केलं की आपोआप पुसलं जाई. सांगातीही दिवसभराचं सगळं कामापुरत्या कप्प्यात घेतो आणि माणूस झोपला की तो कप्पा झाडून टाकतो. जे हवं ते कायमच्या कप्प्यात जावं म्हणून कानामागं बोट लावून 'ठेव' म्हणायचं. हे जिलबी खाऊन झाली की 'ठेव' म्हणायचे. नातीचा फोन आला की 'ठेव'. एकदा वीजबिल कमी आलं तेव्हाही म्हणाले.

आता माझी फाइल दोन ठिकाणी कशी झाली ते सांगते.

माझं माहेरचं नाव त्रिशला. सासूबाईंचं नावही त्रिशला. एका घरात दोन त्रिशला कशा चालतील? म्हणून लग्नात परातीतल्या तांदळात यांनी अंगठीनं 'सुनंदा' असं लिहिलं, आणि मी सुनंदा सुकुमार मगदूम झाले. पण सुनंदा काही यांच्या जिभेवर बसलं नाही. आणि त्रिशला म्हणून हाक मारली असती तर सासूबाईंनी ओ दिली असती. शेवटी मी राहिले 'अगं', आणि लोकांत 'आमची ही'.

सांगाती बसवला की सुरुवातीला माणसाला भरपूर बोलायला लावतात. ज्याचं ज्याचं नाव निघेल त्याला एकेक क्रमांक मिळतो. हे ऑफिसबद्दल बोलले तेव्हा 'मिस चौगुले' अशी एक फाइल झाली, आणि घराबद्दल बोलले तेव्हा 'ही' अशी दुसरी. दोन्ही बायका एकच, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण ते सांगावं लागेल असं कुणाच्या डोक्यात यावं?

खरं म्हणजे त्या उप्पिटाच्या सकाळीच मी मिरजेला फोन करायला हवा होता. नाही केला. रोज सकाळी चहा झाला की मीच विषय काढायची, "त्या तुमच्या मिस चौगुले, त्यांचं पुढं काय?" आणि हे सांगायचे. त्यांच्या हाताला हळदीचा वास यायचा. पाऊस असला की चपला हातात घेऊन वरांड्यातून यायच्या. मोठ्या साहेबांनी चुकीचा आकडा घालायला सांगितला तेव्हा सगळ्यांसमोर नाही म्हणाल्या होत्या. मला स्वतःला यातलं निम्मं आठवत नव्हतं. मला वाटायचं, ऑफिसात हा माणूस आपल्याकडे बघतसुद्धा नाही. बघत होता की! सगळं बघत होता. मी अगदी सुखात होते.

यांचं मात्र तसं नव्हतं. बायकोपुढं परक्या बाईचं कौतुक करतो आपण, हे त्यांना डाचायचं. हळूहळू माझ्याबरोबर जेवायला बसताना मान वर करेनासे झाले. आणि ती राहिलेली माफी तर दिवसेंदिवस मोठी होत गेली.

एका दुपारी मी गिरणीवरून दळण घेऊन आले तर दार सताड उघडं. सांगाती कुठं आहे ते दाखवणारी फोनवरची खूण बघितली. हे सांगलीच्या एसटी स्टँडवर.

रिक्षानं गेले. हे बाकावर अगदी टोकाला बसले होते, इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. समोर आपोआप चालणाऱ्या बसगाड्या येत होत्या, जात होत्या. त्यांना आता ड्रायव्हर नसतो, पण कंडक्टर मात्र आहे आणि पूर्वीसारखाच ओरडतो. यांच्या मांडीवर भडंगाची पुडी होती.

"अहो, कुठं निघालात?"

शाळा बुडवताना सापडावं तसे दचकले. "केंद्रावर जाऊन येतो. दिवे लागायच्या आत येतो की."

"केंद्र बंद झालं हो. तिथं आता सोलरचं शेत आहे."

"मिस चौगुले असतील. त्या उशिरापर्यंत थांबतात."

मी पुडीला हात लावला, तर यांनी ती पटकन बाजूला घेतली.

"हे तुझं नव्हे. बिनलसणाचं मुद्दाम करून घेतलंय. त्यांचा चातुर्मास असतो."

महिना फेब्रुवारीचा होता. पण त्या काळी, चातुर्मासात, हा माणूस माझ्यासाठी रोज बिनलसणाचं भडंग आणायचा हे खरंच होतं. ते आता माझ्यापासून लपवलं जात होतं. मी मलाच सवत झाले होते, आणि त्या स्टँडवर मला पहिल्यांदा रडू आलं. दोन गाड्या सोडल्यावर हे घरी यायला तयार झाले, तेही उद्या परत येऊ या बोलीवर. रस्ता ओलांडताना एका गाडीखाली येता येता राहिले. तेव्हा माझी सगळी हौस फिटली.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. यांना बाहेर नर्सजवळ बसवून डॉक्टरांनी मला आत घेतलं. शाहीन आमच्या भरतेशहून लहान आहे.

"बसा की काकू. आधीच का नाही आलात?"

"नवरा कौतुक करत होता," मी म्हटलं. ती हसली, पण फार नाही.

तिनं आधी सरळ उपाय केला. मिस चौगुल्यांचं पहिलं नाव काय ते विचारलं, मी त्रिशला सांगितलं, तिनं ते घातलं. सांगातीनं क्षणभर विचार करून सुचवलं की मिस चौगुले आणि काकांच्या मातोश्री या एकच व्यक्ती दिसतात, जोडू का? सासूबाईंनी हयातीत मला कधी आपलं म्हटलं नाही, आणि आता यंत्र आम्हा दोघींना एक करायला निघालं होतं. शाहीननं घाईघाईनं 'नको' दाबलं.

"हातानं जोडावं लागेल," ती म्हणाली. "मधला दुवा म्हणजे लग्नाच्या आसपासच्या ओळी. त्या सांगाती बसवायच्या आधीच आजारानं खाल्ल्यात. मी दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून एक करू शकते. पण ऐका. प्रत्येक माणसाचं एक कार्ड असतं. चेहरा, आवाज, हसणं, चाल. एकेका रकान्यात एकच गोष्ट मावते. दोन कार्डं एक केली की नंतरच्या फाइलीतलं आधीच्यावर लिहिलं जातं."

"म्हणजे मिस चौगुले जाणार."

"आठवणी राहतील. पण त्यात चेहरा तुमचा आत्ताचा, आवाज आत्ताचा. त्या जुन्या खोलीत ते बसणार नाही. मग सांगाती त्या ओळी चुकीच्या समजून एकेक गाळत जाईल."

"आणि उलटं केलं तर?"

"मग काका घरात पंचविशीची मुलगी शोधतील. आणि तुम्ही कोण, ते कळणार नाही त्यांना."

मी पडद्यावरची दोन्ही कार्डं एकदा बघून घेतली. मग म्हटलं, "डॉक्टर, हे माझ्या बाबतीत एकदा होऊन गेलंय. तांदळात नवीन नाव लिहिलं आणि जुनं पुसलं. तेव्हा कुणी मला विचारलं नव्हतं. आता तुम्ही विचारताय, तर मी नाही म्हणते."

"पण काकू, असंच सोडलं तर ते परत स्टँडवर जातील."

ते मलाही कळत होतं. त्या गाडीचा आरसा यांच्या खांद्याला घासून गेलेला मी बघितला होता. एकीकडे यांचा जीव होता आणि दुसरीकडे वेणीत पेन्सिल खोचलेली ती पोरगी, जी आता जगात फक्त यांच्याच डोक्यात जिवंत होती.

"आम्ही केंद्रावर हंगामांच्या फायली जोडायचो त्या अशा नाही जोडायचो," मी म्हटलं. "पहिल्या हंगामाच्या शेजारी दुसरा ठेवला तर उंचीवर उंची बसते आणि पहिली जाते. आम्ही एकाखाली एक रचायचो. वर पहिला हंगाम, खाली दुसरा. एक रकाना जास्तीचा, कुठला हंगाम तो सांगणारा. कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही. माझी कार्डं तशी ठेवा की. वर ती, खाली मी. आणि कधीची ते लिहा."

शाहीननं पेन चावलं. "ठेवता येईल. पण दोघींना एकच क्रमांक हवा, आणि तो मी बाहेरून चिकटवला तर टिकत नाही. काकांच्या मेंदूला स्वतः पटलं पाहिजे. दोन्ही फायलींत सारखी अशी एखादी खूण पाहिजे, आणि ती त्यांच्यासमोर पेटली पाहिजे. आणि त्यानंतर झोपायच्या आत त्यांनी 'ठेव' म्हटलं पाहिजे."

मग आम्ही खुणा शोधायला लागलो. लग्नाचा फोटो दाखवला. हे म्हणाले, "ही आमची ही." ऑफिसातला फोटो दाखवला. म्हणाले, "या मिस चौगुले," आणि माझ्याकडे बघून यांचे कान लाल झाले. दोन्ही फोटो एकत्र धरले, तर म्हणाले, दोघी चांगल्या आहेत. आवाज बदललेला, चाल बदललेली, हाताचा वास साबणाचा.

"एक विचित्र आहे बघा," शाहीन पडद्याकडे बघत म्हणाली. "तुमच्या फाइलीत, म्हणजे 'ही'च्या, रिकाम्या जागा फार आहेत. काका काहीतरी विचारतात, आणि उत्तराच्या रकान्यात काहीच नाही. फक्त एक बारीक आवाज. धातूचा."

माझा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला. मनगट उघडं होतं. मागं हात मोडला होता तेव्हा कडं काढलं, आणि नंतर सुजेमुळे चढेना म्हणून कपाटात ठेवलं. सांगाती त्यानंतर बसवलेला. पण त्याआधी आयुष्यभर ते माझ्या हातात होतं. लग्नातल्या हिरव्या चुड्यातसुद्धा मागं सरकून बसलेलं.

"मिस चौगुल्यांच्या फाइलीत आहे का तो आवाज?"

"बघायला पाहिजे. सांगाती जुळवणी करताना रिकाम्या ओळी आधीच बाजूला काढतो."

ते बरोबरच होतं. अगदी सुरुवातीला आमच्या पॅकेजानं असा घोळ घातला होता. दोन फायली प्लॉट नंबरावरून जुळवायच्या होत्या, आणि जिथं नंबर रिकामा तिथं त्यानं रिकाम्याशी रिकामं जुळवलं. सगळी मेलेली रोपं एकमेकांची सोयरी झाली. तेव्हापासून आम्हीही रिकाम्या ओळी आधी गाळायचो. सगळे शहाणे लोक गाळतात.

"एका दुपारपुरतं ते गाळणं बंद करता येईल?" मी विचारलं. "फक्त या दोन फायलींना."

शाहीन घाबरली. रिकामं रिकाम्याशी जुळायला लागलं तर काकांच्या डोक्यात कुणीही कुणाला जोडलं जाईल, म्हणाली. मग तिनंच तोड काढली, की फक्त तो टक् असलेल्या रिकाम्या जागाच घ्यायच्या. तेवढ्या वेळात काकांनी डुलकी काढता कामा नये, आणि हे एकदाच करता येईल. जमलं नाही तर ती शेजारी शेजारी जोडणार. मी हो म्हटलं.

घरी कडं चढवायला अर्धी साबणाची वडी गेली. मनगट लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण चढलं. वेणी म्हणावी असं डोक्यावर आता फारसं काही उरलेलं नाही. जे होतं त्यात पेन्सिल खोचली. माळ्यावरून भरतेशचा जुना कीबोर्ड काढून जेवणाच्या टेबलावर मांडला. शाहीन आमच्या घरी आली आणि आतल्या खोलीत तिचा पडदा घेऊन बसली.

"मगदूम सर, बसायचं का? तिसरा हंगाम राहिलाय."

हे पाठ ताठ करून बसले. बोटं कीबोर्डवर गेली. मग माझ्याकडे बघितलं आणि चेहरा पडला.

"तू कशाला? मिस चौगुले यायच्यात."

ती मीच, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगून पटायचं असतं तर फोटोनंच पटलं असतं.

"त्या येईपर्यंत मी सांगते. लिहा. प्लॉट अकरा. सेलम. उंची एकशे दोन. पानं अकरा. कंद चारशे दहा."

बोटं चालायला लागली. माझ्यापुढं कागद नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याचा एक आकडा कधी बदलला नाही, आणि आता मनानंच खोटे आकडे सांगत होते.

"प्लॉट बारा. सेलम. उंची अठ्ठ्याण्णव. पानं दहा. कंद नऊशे."

यांची बोटं थांबली. "सेलमला नऊशे? अशा हंगामात? काटा बघा नीट."

"चारशे," मी निमूटपणे म्हटलं. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. शाहीन हसू दाबत होती.

"प्लॉट तेरा. कृष्णा. उंची..."

आणि मी कडं टेबलावर वाजवलं. टक्.

यांच्या बोटानं मला न विचारता टिंब दिलं. मी पुढं गेले. चौदा, पंधरा. सोळाला परत टक्. परत टिंब. दुपार चढत होती, यांची रोजची पडायची वेळ, पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. मला भीती वाटली. मी आवाज वाढवला, पण आवाज माझा म्हातारीचाच होता. अठरा, एकोणीस. वीस, राजापुरी, उंची.

टक्.

बोट टिंबावर जाऊन अधांतरी राहिलं. हे माझ्या हाताकडे बघत होते.

"आई काही बोलली का तुला, असं विचारलं," हे हळूच म्हणाले, "की तू ओट्यावर असंच करायचीस."

मी कडं टेबलावर तसंच टेकवून धरलं.

"मला कळायचं, आई बोललीय. तू कधी सांगितलं नाहीस." मग नजर वर आली. मनगटावरून पेन्सिलीवर, पेन्सिलीवरून माझ्या तोंडावर. खूप वेळ तिथंच राहिली. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या. "मिस चौगुले?"

"हं."

"म्हणजे तुम्ही... आमच्याकडंच आलात?"

"आले की. केव्हाच."

"आणि ही?"

"ती पण मीच."

हे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळे पुसत हसले. इतकं मोठं ओझं उतरल्यावर माणूस हसणार नाही तर काय करणार? मी मात्र रडत होते, आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही. दारात शाहीन आली, तिनं दोन बोटं एकावर एक धरून दाखवली. वर ती, खाली मी. शाहीन दोन्ही हातांनी खूण करत होती, 'ठेव' म्हणायला सांगा.

पण यांचं अजून संपलं नव्हतं. "तुमचा तिसरा हंगाम माझ्यामुळं गेला," हे म्हणाले. "तुमच्या मशीनवर बसलो, सगळं कामापुरत्या कप्प्यात ठेवलं आणि बंद करून घरी गेलो. माफी मागतो."

"तेव्हाच मागितली होती हो. आणि मग आपण दोघांनी बसून अख्खा हंगाम परत भरला. मी वाचायची, तुम्ही लिहायचा. लग्न त्याच भानगडीत जमलं."

"असं होय," हे म्हणाले. ते त्यांना आठवत नव्हतं, पण आवडलेलं दिसलं. उठले, गादीखाली हात घातला आणि ती भडंगाची पुडी काढली. चांगली चेपली होती. माझ्यापुढं ठेवली.

"हे तुझंच होतं तर. मला आधी सांगायचं नाही का?"

भडंग पार मऊ पडलं होतं. आम्ही दोघांनी मूठ मूठ खाल्लं. यांनी माझ्या केसांतली पेन्सिल काढली, बघितली आणि होती तिथं परत खोचली.

मग एकदम गंभीर झाले. "म्हणजे तुझं नाव बदललं आपण. आणि बदललेल्या नावानंसुद्धा मी कधी हाक मारली नाही. वाईट वाटलं का ग तुला?"

काय सांगणार? हो म्हटलं असतं तर खोटं, नाही म्हटलं असतं तरी खोटं.

मी कडं टेबलावर वाजवलं.

"टिंब," हे म्हणाले. आणि माझा हात हातात धरून, दुसऱ्या हाताचं बोट कानामागं नेऊन म्हणाले, "ठेव."